स्वाहिली भाषेंतील नामवर्ग व क्रियापद

व्याकरणाचा तास सुरू झाला कीं पुष्कळ विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात, हें आम्हांस ठाऊक आहे. 'टेबल' नपुंसकलिंगी कां, 'खुर्ची' स्त्रीलिंगी कां, आणि 'पंखा' पुल्लिंगी कां, याचें उत्तर बहुधा शिक्षकांजवळहि नसतें. ज्या नियमाचें कारण सांगतां येत नाहीं तो पाठ करणें म्हणजे नुसता भार वाहणें होय, अशी समजूत करून घेऊन विद्यार्थी हा विषय परीक्षेपुरता कसाबसा पार पाडतात. या अंकांत आम्हीं मराठीच्या व्याकरणाऐवजीं समुद्रापलीकडील एका भाषेचें व्याकरण वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे. ती भाषा म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली. दुसऱ्याचें घर पाहून परतल्यावर आपल्या घराची मांडणी अधिक नीट ध्यानांत येते. या लेखाच्या शेवटीं वाचकांस तसा कांहीं अनुभव यावा, अशी आमची इच्छा आहे.

१. भाषेची ओळख

'साहिल' या अरबी शब्दाचा अर्थ किनारा, आणि त्याचें अनेकवचन 'सवाहिल'. त्यावरूनच स्वाहिली हें नांव पडलें. मोसमी वाऱ्यांच्या आधारानें अरब, इराणी व हिंदी व्यापारी शतकानुशतकें या किनाऱ्यास गलबतें लावीत आले. त्यामुळें येथील भाषेंत अरबी शब्दांचा भरणा मोठा झाला, आणि आपल्याकडील शब्दहि तिच्यांत शिरले. आपला 'लाख' तेथें 'लाकि' झाला, 'गाडी' ही 'गारि' झाली, आणि 'चपाती' तर 'चापाति' या जवळजवळ मूळच्याच नांवानें तेथें नांदत आहे. परंतु शब्द उसने आणतां येतात, सांगाडा उसना आणतां येत नाहीं. स्वाहिलीचा सांगाडा, म्हणजे तिचें व्याकरण, निखालस बांटु आहे.

मध्य, पूर्व व दक्षिण आफ्रिकेंत पसरलेल्या शेंकडों भाषांच्या कुळास 'बांटु' हें नांव जर्मन पंडित विल्हेल्म ब्लीक यानें एकोणिसाव्या शतकांत रूढ केलें. 'न्तु' म्हणजे मनुष्य, आणि त्याच्या आधीं लागलेला 'बा' हा अनेकवचनाचा उपसर्ग. तेव्हां 'बांटु' म्हणजे 'माणसें'. स्वाहिलींत याच शब्दाचीं रूपें 'म्तु' (माणूस) आणि 'वातु' (माणसें) अशीं आहेत. शब्दाचें डोकें बदललें कीं वचन बदलतें, हा या कुळाचा विशेष त्याच्या नांवांतच दिसून येतो.

युरोपीय विद्वानांपैकीं योहान लुडविग क्राफ हा मिशनरी १८४४ सालीं मोंबासा येथें आला, आणि १८५० सालीं त्यानें या भाषेच्या व्याकरणाची रूपरेषा प्रसिद्ध केली. पुढें एडवर्ड स्टीअर यानें झांझिबारच्या बोलीवर १८७० सालीं एक हस्तपुस्तक छापिलें. १९२८ सालीं मोंबासा येथें भरलेल्या परिषदेंत झांझिबारची बोली हीच प्रमाण धरावी असें ठरलें. आज टांझानिया व केनिया या दोन देशांची ती राष्ट्रभाषा असून शेजारच्या देशांतहि कोट्यवधि लोक ती समजतात. युनेस्कोनें ७ जुलै हा दिवस स्वाहिलीचा जागतिक दिन म्हणून २०२१ सालीं जाहीर केला.

महाराष्ट्राचा या भाषेशीं मुळींच संबंध नाहीं, असें कोणी समजूं नये. एकोणिसाव्या शतकांत गुलामांचीं जहाजें पकडून इंग्रजी आरमार जीं आफ्रिकन मुलें सोडवी, त्यांपैकीं कित्येक मुंबईस उतरविलीं जात, आणि त्यांतील कांहींचें शिक्षण नाशिकजवळील शरणपूर येथें होई. डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवाबरोबर १८७४ सालीं इंग्लंडास गेलेला जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेंतला. १८७५ सालीं मोंबासाजवळ मुक्त झालेल्या गुलामांकरितां जी वसाहत उभी राहिली, तिला मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून 'फ्रियरटाउन' असें नांव मिळालें. पुढें १८९६ ते १९०१ या काळांत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग घालण्यासाठीं हजारों हिंदी मजूर तिकडे गेले. गोव्याचे लोकहि कारकून, शिंपी व आचारी म्हणून झांझिबार, मोंबासा व नैरोबी येथें राहूं लागले. या सर्वांस बाजारांत व रस्त्यावर जी भाषा लागे, ती स्वाहिलीच.

२. नामांचे वर्ग

मराठींत नामांचे वर्ग तीन आहेत: पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग. स्वाहिलींत स्त्रीपुरुषभेदावर उभारलेला एकहि वर्ग नाहीं. तेथें नामांची वांटणी निराळ्या धोरणानें झालेली आहे, आणि वर्गाची खूण नामाच्या शेवटीं नसून आरंभीं असते. एकवचनाची एक खूण व अनेकवचनाची दुसरी. भाषाशास्त्रज्ञ हीं दोन्ही वचनें वेगवेगळीं मोजून वर्गांस क्रमांक देतात. आम्ही सोयीसाठीं त्यांच्या जोड्याच येथें देतों. यांतील 'म्' हें अक्षर ओठ मिटून स्वतंत्र उच्चारावें, आणि शब्दांतील शेवटून दुसऱ्या अवयवावर जोर द्यावा.

पहिला, म्–वा वर्ग. हा मनुष्यांचा. म्तु–वातु (माणूस), म्तोतो–वातोतो (मूल), म्गेनि–वागेनि (पाहुणा).

दुसरा, म्–मि वर्ग. यांत झाडें पुष्कळ येतात, आणि इतरहि पदार्थ येतात. म्ति–मिति (झाड), म्कोनो–मिकोनो (हात), म्लांगो–मिलांगो (दार).

तिसरा, कि–वि वर्ग. यांत बहुधा वस्तु येतात. कितु–वितु (वस्तु), किसु–विसु (सुरी), किति–विति (खुर्ची).

चौथा, जि–मा वर्ग. यांतील एकवचनाची खूण पुष्कळदां लुप्त असते. जिनो–मेनो (दांत), जिचो–माचो (डोळा), तुंदा–मातुंदा (फळ). आपली गाडीहि याच वर्गांत बसली: गारि–मागारि.

पांचवा, न् वर्ग. यांत दोन्ही वचनांचें रूप एकच. न्युंबा (घर), न्दिझि (केळें), न्गुओ (वस्त्र). परदेशांतून आलेले पुष्कळ शब्द यांतच राहतात.

सहावा, उ वर्ग. उकुता–कुता (भिंत). भाववाचक नामेंहि याच वर्गांत येतात: उझुरि (सौंदर्य), उमोजा (ऐक्य), उहुरु (स्वातंत्र्य).

यांखेरीज क्रियेचें नांव सांगणारा 'कु' वर्ग आहे, जसें कुसोमा (वाचणें). आणि स्थळ दाखविणारे वर्ग आहेत. त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं.

एकाच धातूस निरनिराळीं डोकीं लावून अर्थ कसा बदलतो, हें पाहण्यासारखें आहे. 'म्हिंदि' म्हणजे हिंदी मनुष्य, 'वाहिंदि' म्हणजे हिंदी लोक, आणि 'किहिंदि' म्हणजे हिंदी भाषा. त्याच न्यायानें स्वाहिली लोक स्वतःच्या भाषेस 'किस्वाहिलि' म्हणतात, आणि आपल्या मराठीस ते 'किमाराथि' म्हणतात.

परक्या शब्दास आपल्या घरांत कसें वागवावें, हेंहि ही भाषा जाणते. 'किताब' हा अरबी शब्द मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. तो स्वाहिलींत 'किताबु' झाला. त्यांतील 'कि' हें अक्षर मूळ शब्दाचा अवयव आहे, उपसर्ग नव्हे. परंतु स्वाहिली कानास तो तिसऱ्या वर्गाचा उपसर्ग वाटला, आणि अनेकवचन 'विताबु' असें झालें. अरबाच्या कानास हें चमत्कारिक लागेल. पण शब्द ज्या घरीं राहावयास आला त्या घरची रीत त्यानें पाळली, एवढाच त्याचा अर्थ.

३. वाक्यांतील मेळ

एवढ्यावर प्रकरण थांबलें असतें, तर स्वाहिली शिकणें म्हणजे कांहीं उपसर्ग पाठ करणें इतकेंच झालें असतें. परंतु नामाचा वर्ग नामापाशींच राहत नाहीं. विशेषण, संख्यावाचक, दर्शक सर्वनाम, षष्ठीचा शब्द व क्रियापद, या सर्वांस त्या वर्गाची खूण अंगावर धारण करावी लागते. 'मोठा' या अर्थाचें विशेषण 'कुब्वा', आणि 'पडला आहे' या अर्थाचें क्रियापद 'मेआंगुका', हीं दोनच घेऊन पुढील वाक्यें मोठ्यानें वाचून पाहावीं:

म्तोतो म्कुब्वा आमेआंगुका: मोठें मूल पडलें आहे.
वातोतो वाकुब्वा वामेआंगुका: मोठीं मुलें पडलीं आहेत.
म्ति म्कुब्वा उमेआंगुका: मोठें झाड पडलें आहे.
मिति मिकुब्वा इमेआंगुका: मोठीं झाडें पडलीं आहेत.
किताबु किकुब्वा किमेआंगुका: मोठें पुस्तक पडलें आहे.
विताबु विकुब्वा विमेआंगुका: मोठीं पुस्तकें पडलीं आहेत.
तुंदा कुब्वा लिमेआंगुका: मोठें फळ पडलें आहे.
मातुंदा माकुब्वा यामेआंगुका: मोठीं फळें पडलीं आहेत.
न्युंबा कुब्वा इमेआंगुका: मोठें घर पडलें आहे.
न्युंबा कुब्वा झिमेआंगुका: मोठीं घरें पडलीं आहेत.
उकुता म्कुब्वा उमेआंगुका: मोठी भिंत पडली आहे.
कुता कुब्वा झिमेआंगुका: मोठ्या भिंती पडल्या आहेत.

तिसऱ्या वर्गांत नाम, विशेषण व क्रियापद हीं तिन्ही एकाच अक्षरानें आरंभ होतात, आणि कानास एक प्रकारचा अनुप्रास लागतो. इतर वर्गांत क्रियापदाची खूण नामाच्या खुणेहून थोडी भिन्न असते: 'म्ति' च्या मागें 'उ' येतो, 'तुंदा' च्या मागें 'लि' येतें. तेवढें मात्र ध्यानांत ठेवावें लागतें. 'न्युंबा' हें रूप दोन्ही वचनांत सारखेंच असल्यामुळें घर एक कीं अनेक, हें केवळ क्रियापदावरून कळतें.

हें सर्व वाचून एकाद्या विद्यार्थ्यानें कपाळास हात लावला, तर आम्ही त्यास एवढेंच विचारूं: 'तूं आज सकाळपासून काय बोललास?' माझा मोठा आंबा पडला. माझी मोठी वही पडली. माझें मोठें पुस्तक पडलें. माझे मोठे आंबे पडले. माझ्या मोठ्या वह्या पडल्या. माझीं मोठीं पुस्तकें पडलीं. सर्वनाम, विशेषण व क्रियापद या तिघांनीं सहा वेळां रूप बदललें, आणि बोलणाराच्या तें ध्यानींहि आलें नाहीं. स्वाहिली मूल जें शब्दाच्या शिराशीं करतें, तेंच मराठी मूल शब्दाच्या शेपटाशीं करतें. 'दगड पडला' व 'दगड पडले' यांत दगडाचें रूप तेंच राहून वचन क्रियापदावरून कळतें. 'न्युंबा' ची गोष्ट याहून निराळी नाहीं.

षष्ठीचा प्रकार तर फारच जवळचा आहे. 'शिक्षकाचा मुलगा, शिक्षकाची वही, शिक्षकाचें पुस्तक' यांत शिक्षक एकच असून 'चा, ची, चें' हे प्रत्यय पुढील नामाकडे पाहून बदलतात. इंग्रजींत असा बदल होत नाहीं. स्वाहिलींत मात्र होतो. 'म्तोतो वा म्वालिमु' म्हणजे शिक्षकाचें मूल. 'किताबु चा म्वालिमु' म्हणजे शिक्षकाचें पुस्तक. 'विताबु व्या म्वालिमु' म्हणजे शिक्षकाचीं पुस्तकें. आगगाडीस स्वाहिलींत 'गारि ला मोशि', म्हणजे 'धुराची गाडी' असें म्हणतात. अनेक गाड्या असल्या कीं 'मागारि या मोशि'. धूर तोच राहिला. गाडीचें वचन बदलतांच 'ला' चा 'या' झाला, जसा आपल्या 'ची' चा 'च्या' होतो. आपण विस्तवावरून नांव दिलें, त्यांनीं धुरावरून दिलें. पण दोघांनींहि एकाच यंत्राकडे पाहिलें होतें.

४. क्रियापद

स्वाहिली क्रियापद म्हणजे एक लहानशी आगगाडीच होय. डबे ठराविक क्रमानें जोडावयाचे असतात: पहिला कर्त्याचा, दुसरा काळाचा, तिसरा कर्माचा (तो असल्यास), आणि शेवटीं धातु. 'सोमा' म्हणजे वाचणें, हा धातु घेऊं.

कर्त्याच्या खुणा अशा: नि (मी), उ (तूं), आ (तो किंवा ती), तु (आम्ही), म् (तुम्ही), वा (ते किंवा त्या). काळाच्या खुणा अशा: ना (वर्तमान), लि (भूत), ता (भविष्य), मे (क्रिया पुरी झाली आहे असा अर्थ). या दोहोंचा संयोग केला कीं रूपें आपोआप तयार होतात. नि-ना-सोमा, मी वाचीत आहें. तु-लि-सोमा, आम्हीं वाचलें. वा-ता-सोमा, ते वाचतील. आ-मे-सोमा, त्यानें किंवा तिनें वाचलें आहे. 'आ' या खुणेंत स्त्री व पुरुष हा भेद नाहीं. तेव्हां 'आनासोमा' याचें मराठी करतांना 'तो वाचीत आहे' लिहावें कीं 'ती वाचीत आहे' लिहावें, हें मागचापुढचा संदर्भ पाहूनच ठरवावें लागतें.

आतां कर्माचा डबा पाहूं. 'मी तें (पुस्तक) वाचीन' हें सर्व वाक्य स्वाहिलींत एका शब्दांत मावतें: नि-ता-कि-सोमा. यांतील 'कि' ही किताबूची खूण. पुस्तकें अनेक असलीं कीं नि-ता-वि-सोमा. भूतकाळांत नि-लि-कि-सोमा, मीं तें वाचलें. नि-लि-वि-सोमा, मीं तीं वाचलीं. मराठीच्या विद्यार्थ्यास हें मुळींच नवल वाटूं नये. 'मुलानें पोथी वाचली, मुलानें ग्रंथ वाचला, मुलानें पुस्तक वाचलें', या कर्मणि प्रयोगांत आपलें क्रियापदहि कर्माकडेच तोंड करून उभें असतें. भेद इतकाच कीं मराठी क्रियापद अशा वेळीं कर्त्यास सोडून देतें, आणि स्वाहिली क्रियापद दोघांचीहि खूण बाळगतें.

नकार दाखविण्याची रीत निराळी आहे. तेथें क्रियापदाच्या आरंभींच 'हा' लागतो, आणि 'मी' साठीं 'सि' येतो. सि-सोमि, मी वाचीत नाहीं. येथें धातूचा शेवटचा स्वरहि बदलतो. सि-कु-सोमा, मीं वाचलें नाहीं. सि-ता-सोमा, मी वाचणार नाहीं. यांहून एक चौथें रूप आहे, तें आम्हांस फार आवडतें: सि-जा-सोमा, म्हणजे 'मीं अजून वाचलें नाहीं'. आपणांस 'अजून' हा शब्द वेगळा घालावा लागतो. स्वाहिलींत तो क्रियापदाच्या पोटांतच आहे. जें झालें नाहीं तें पुढें होऊं शकेल, एवढी आशा त्या एका 'जा' मध्यें राहते. अभ्यास न केलेल्या विद्यार्थ्यानें शिक्षकांस उत्तर देतांना दोहोंपैकीं कोणतें रूप वापरावें, हें सांगण्याची गरज नाहीं!

धातूच्या शेवटींहि लहान अवयव लागून नवे अर्थ निघतात. 'पेंदा' म्हणजे प्रेम करणें. 'पेंद्वा' म्हणजे कोणाच्या प्रेमास पात्र होणें. 'पेंदाना' म्हणजे एकमेकांवर प्रेम करणें. 'आंदिका' म्हणजे लिहिणें. 'आंदिकिया' म्हणजे एकाद्यास किंवा एकाद्यासाठीं लिहिणें. आपल्या 'बसणें–बसविणें', 'करणें–करविणें' या जोड्यांचें स्मरण ठेवल्यास हा भाग सुलभ होईल.

५. कोष्टकाबाहेरील एक नियम

आतां आम्ही या लेखाच्या मुख्य गोष्टीकडे येतों. वरील कोष्टकें पाठ झाल्यावर आमची अशी समजूत झाली कीं भाषा आतां हातीं आली. आम्हांस शिकविणारे गृहस्थ वयानें वृद्ध असून त्यांचें बालपण मोंबासा येथें गेलेलें होतें. एके दिवशीं त्यांनीं आम्हांस 'आंधळा आला आहे' हें वाक्य स्वाहिलींत लिहावयास सांगितलें. आंधळ्यास 'किपोफु' म्हणतात, आणि त्याचें अनेकवचन 'विपोफु'. शब्द कि–वि वर्गांतला, हें तर उघडच दिसत होतें. आम्हीं मोठ्या खात्रीनें लिहिलें: 'किपोफु किमेकुजा.'

वृद्ध गृहस्थांनीं तें वाचलें, आणि क्षणभर ते कांहींच बोलले नाहींत. मग लेखणी घेऊन त्यांनीं 'कि' खोडिलें, वर 'आ' लिहिलें, आणि म्हणाले, 'तुम्हीं लिहिलें त्याप्रमाणें एकादी खुर्ची चालत आली असती. आंधळा हा माणूस आहे.'

खरें वाक्य 'किपोफु आमेकुजा' असें आहे. स्वाहिलीचा नियम असा कीं, नाम कोणत्याहि वर्गाचें डोकें घेऊन आलेलें असो, तें जर सजीव प्राण्याचें नांव असेल, तर विशेषण व क्रियापद पहिल्या वर्गाचें, म्हणजे मनुष्याच्या वर्गाचें असावें. 'किझिवि' (बहिरा) असो, 'किजाना' (तरुण) असो, कीं 'किओंगोझि' (पुढारी) असो. नांवाचा आरंभ सुरी व खुर्ची यांच्यासारखा असला, तरी वाक्य त्यास माणूस म्हणूनच ओळखतें. पशूंनाहि हा मान मिळतो. गेंड्यास 'किफारु' म्हणतात, पण मोठा गेंडा 'किफारु म्कुब्वा' होतो, 'किफारु किकुब्वा' होत नाहीं. आप्तवाचक शब्दांच्या षष्ठींत थोडा अपवाद आहे: 'बाबा यांगु' म्हणजे माझे वडील, यांत 'यांगु' हें रूप न् वर्गाचें आहे, परंतु क्रियापद तेथेंहि मनुष्याचेंच येतें.

म्हणजे नाम हें जुन्या काळापासून चालत आलेलें आहे. तें बदलणें बोलणाराच्या हातीं नसतें. मेळ मात्र तो स्वतः दर वेळीं नव्यानें करतो, आणि तेथें तो समोरच्यास काय समजतो हें उघड होतें. हल्लीं पुष्कळ लोक 'किलेमा' (पांगळा) या जुन्या नामाऐवजीं 'म्लेमावु', किंवा त्याहूनहि सौम्य असें 'म्तु म्वेन्ये उलेमावु', म्हणजे 'व्यंग असलेला मनुष्य', असें म्हणणें पसंत करतात. क्रियापदानें पूर्वींच दिलेला मान नामासहि मिळावा, अशी ही खटपट आहे.

आपल्या मराठींतहि हेंच घडतें. 'गुरुजी आले' असें आपण म्हणतों. 'गुरुजी आला' असें म्हटल्यास अर्थ कळतो, पण वर्गांत एकदम शांतता पसरते. गुरुजी एकच आहेत. अनेकवचन संख्येचें नसून आदराचें आहे. उलट 'कार्टें आलें' यांत नपुंसकलिंग तिरस्काराचें आहे, आणि 'लेंकरूं आलें' यांत तेंच नपुंसकलिंग मायेचें आहे. दारीं आलेल्या अंध मनुष्याविषयीं 'तें आंधळें आलें' असें कोणी म्हटलें, तर व्याकरणदृष्ट्या त्या वाक्यांत एकहि चूक दाखवितां येणार नाहीं. तरी तें वाक्य चुकीचेंच आहे. स्वाहिली वृद्धानें आमचें 'कि' ज्या कारणास्तव खोडिलें, त्याच कारणास्तव तेंहि खोडिलें पाहिजे.

६. मोडकी भाषा

केनियांत वसाहत करून राहिलेल्या गोऱ्या मळेवाल्यांची जी स्वाहिली होती, तिला लोकांनीं 'किसेत्ला', म्हणजे वसाहतवाल्यांची भाषा, असें नांव दिलें. तींत नामवर्गांचा मेळ बहुतेक नाहींसा झाला होता, आणि आज्ञार्थी क्रियापदांचा सुकाळ होता. नोकरास आण, ने, ऊठ, जा, एवढें सांगण्यास तेवढी पुरे. तिकडील हिंदी दुकानदारांची स्वाहिलीहि पुष्कळदां अशीच मोडकी असे, आणि त्या बाबतींत आपल्या लोकांनीं दुसऱ्यांस हंसण्याचें कारण नाहीं. शिकणाराच्या चुका कोणीहि क्षमा करतो. मुंबईंत नवा आलेला मनुष्य 'पुस्तक पडला' म्हणाला, तर आपण त्यास हंसून पुस्तक उचलून देतों. परंतु ज्या लोकांमध्यें पिढ्यान्‌पिढ्या राहिलों, त्यांच्या भाषेंतील माणूस व वस्तु हा भेदहि शिकण्याचे कष्ट जो घेत नाहीं, त्याचें अज्ञान केवळ व्याकरणाचें म्हणतां येत नाहीं. नोकरास हुकूम करण्यापुरती भाषा थोडक्यांत येते. त्याच्या घरीं जाऊन त्याच्या आईशीं बोलावयाचें, तर पहिला वर्ग नीट यावा लागतो.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं फार थोड्यांवर स्वाहिली शिकण्याचा प्रसंग येईल, हें आम्ही जाणून आहों. पण मराठी, हिंदी, संस्कृत, इंग्रजी यांपैकीं कोणत्याहि भाषेचें कोष्टक पुढें आलें, तर तें निव्वळ पाठांतराचें ओझें आहे असें समजूं नये. टेबल नपुंसकलिंगी कां, याचें उत्तर आमच्याजवळ आजहि नाहीं. परंतु माणसाविषयीं बोलतांना कोणतें रूप वापरावें, याचें उत्तर प्रत्येकाजवळ आहे, आणि तें त्यास दररोज द्यावें लागतें.

स्वाहिलींत एक म्हण आहे: 'हाराका हाराका हाइना बाराका.' घाईघाईंत बरकत नसते, असा तिचा अर्थ. 'हाराका' हा शब्द अरबी आहे. तरीहि न् वर्गाची 'इ' ही खूण 'हाइना' या क्रियापदाच्या मध्यभागीं निमूटपणें बसलेली वाचकांस दिसेल. ती ज्यास दिसली, त्याचा पहिला धडा पुरा झाला. बाकीचे धडे ज्यानें अजून वाचले नाहींत, त्यानें 'सिकुसोमा' न म्हणतां 'सिजासोमा' म्हणावें, आणि सावकाश पुढें चालावें.